वॅगनआरचं हेड मागितलं, आलं तीन सिलिंडरचं! जुन्या पार्टच्या दुकानात पोरांना कोण शिकवतं का नाही?

अजिंक्यताऱ्याखाली, सातारा

मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा. डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, शुद्धलेखन काढू नका.

आमची वॅगनआर 2010 ची. त्या साली पाडव्याला घेतली, शोरूमवाल्यानं बऱ्यापैकी डिस्काउंट दिला म्हणून आम्ही खूश, आणि पुढच्याच महिन्यात नवीन मॉडेल आलं तेव्हा कळलं डिस्काउंट कशाचा होता ते. असो. गाडी मात्र गुणाची. 2025 ला पासिंगची 15 वर्षं संपली तर 5 हजार फी, पर्यावरण कर, थोडं टचिंग असं सगळं करून अजून 5 वर्षं वाढवून घेतली. हिचं म्हणणं विका, पण विकून येणार काय आणि त्यात नवीन काय बसणार.

मे महिन्यात पुण्यावरनं येताना खंबाटकी चढायला लागलो आणि टेम्परेचरचा काटा वर. एसी चालू, आत पाच माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या. लगेच थांबायला पाहिजे होतं, चूक माझीच, पण घाटात कुठं थांबायचं, वर गेल्यावर बघू असं म्हणत दोन वळणं ओढली आणि वाफेचा असा भपकारा आला की पुढचं दिसेना. खालचा होज पाइप फाटलेला. टोचन लावून वाढे फाट्यापर्यंत आणली.

मिस्त्रीनं हेड, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं, पुसलं, त्यावर लोखंडी पट्टी आडवी धरली आणि मला म्हणाला, वाका, हितनं बघा. पट्टीखालनं मधल्या दोन सिलिंडरच्या जागी उजेड दिसत होता. हेड बेंड. लेथवर नेलं तर लेथवाला म्हणे ह्याला आधी एकदा फेसिंग झालंय, अजून घासलं तर माझी जबाबदारी नाही. नवीन हेडचा भाव ऐकून स्टुलावर बसलो. मग काढीव हेड बघायचं ठरलं.

आता मुद्दा. दुकानाचं नाव-गाव लिहीत नाही, कुणी विचारू पण नका. एवढंच, आपल्याच पट्ट्यातलं, हायवेला लागून, नवीन. काचेचं काउंटर, दोन कॉम्प्युटर, एसी, पोरांना एकसारखे टीशर्ट. मला वाटलं वा, हा धंदा पण सुधारला. व्हॉट्सॅपवर टाकलं, 'वॅगनआर 2010 पेट्रोल, सिलिंडर हेड, काढीव ओरिजिनल पाहिजे'. पाच मिनिटात उत्तर, 'अव्हेलेबल सर, 6,500, पेमेंट करा'. फोटो मागितला तर गोडाऊनला आहे म्हणाला. केलं पेमेंट. हो, माहितीय, नका बोलू.

तिसऱ्या दिवशी ट्रॅव्हल्सच्या डिकीतनं पार्सल आलं, गोणपाटात गुंडाळलेलं. मिस्त्रीनं सुतळी कापली, गोणपाट बाजूला केलं आणि काहीच बोलला नाही. मग एक एक बोट ठेवत गेला. एक, दोन, तीन. परत मोजलं. एक, दोन, तीन. शेजारी आमच्या गाडीचा ब्लॉक उघडा, त्यात चार.

फोन लावला.

"सर, वॅगनआर 2010 ला सिस्टिममध्ये हाच पार्ट दाखवतोय."

"अरे पण माझं इंजिन चार सिलिंडरचं आहे."

"सर वॅगनआर तीनच सिलिंडरची येते."

"राजा, मी इंजिनासमोर उभा आहे. चार आहेत."

जरा वेळ शांत. मग, "सर तुम्ही बसवून तर बघा, थोडंफार ऍडजस्ट होतं."

थोडंफार! चौथ्या सिलिंडरवर काय ताटली झाकू का?

मग मी स्वतः गेलो, मिस्त्रीचा दिवस मोडून त्यालाही नेलं. काउंटरवर दुसरा पोरगा. मिस्त्री म्हणाला चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्हवालं, बेल्टवालं हेड दे, चेनवालं नको. पोरानं फक्त 'बेल्ट' ऐकलं, टाइप केलं आणि आतनं फॅनबेल्ट घेऊन आला. शपथ. शेवटी आमचाच मिस्त्री गोडाऊनमध्ये शिरला आणि ढिगातनं एक चार सिलिंडरचं हुडकून काढलं. चंदेरी रंग मारून चकाचक. त्याचे 8,000 वेगळे घेतले, पहिलं परत आणा मग त्याचे देतो म्हणाले. हे घेऊन आलो, प्रेशर टेस्टला टाकलं, आणि दोन व्हॉल्व्हच्या मधनं बुडबुडे. रंगाखाली क्रॅक.

दुसरी चक्कर. दोन्ही हेडं गाडीत घालून. मालक आला, दोन तास आरडाओरडा, दुसऱ्याचे 8,000 परत मिळाले. पहिल्याचं मात्र, "बिलाला 7 दिवस होऊन गेले, सिस्टिम रिटर्न एंट्रीच घेत नाही." म्हणजे चुकीचा पार्ट पाठवला सिस्टिमनं, आणि परत घेत नाही ते पण सिस्टिम. तीन सिलिंडरचं हेड आता आमच्या पोर्चमध्ये आहे, हिनं त्यावर मोगऱ्याची कुंडी ठेवलीय.

जुन्या मालाला माझी ना नाही, निम्मा सातारा त्यावर चालतो. पण एसीला, काचेला पैसे आहेत आणि पोराला आठ दिवस खोललेल्या इंजिनापाशी उभं करायला नाहीत? तुमचे अनुभव सांगा, म्हणजे मी एकटाच येडा नाही असं तरी वाटंल.

हळदीचा_भाव, सांगली

तीन सिलिंडरचं हेड चारला बसवलं की पेट्रोल पाव लिटर कमी जळतं म्हणे, तुम्ही ट्राय पण केलं नाही. हा हा हा. फॅनबेल्टला तर मी खुर्चीतनं पडलो.

पाना_बारातेरा, मिरज

दादा राग मानू नका, पोराची चूक हायच पण चार आणे तुमची बी हाय. '2010 वॅगनआर' म्हणलं की त्या दोन गाड्या हुत्यात. एप्रिल 2010 च्या आधीची 1061 सीसी, एफटेन डी इंजिन, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, टायमिंग बेल्ट. त्याच्या नंतरची 998 सीसी, केटेन बी, तीन सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह, चेन. ह्या इंजिनाचा एक नटबोल्ट त्या इंजिनाला विचारत नाय. तुमची पाडव्याची म्हणजे जुनी. आरसीवर पासिंगची तारीख बघायची नाय, उत्पादनाचा महिना लिवलेला असतोय तो बघायचा, आणि त्याच्याबी वर इंजिन नंबर. तुमचा नंबर एफटेन डी नं चालू होत असंल, नवीन गाडीचा केटेन बी नं. बास, एवढी सुरुवातीची अक्षरं विचारली असती तर समदं रामायण झालंच नसतं. पण ती विचारायचं काम गिऱ्हाइकाचं नाय, काउंटरवाल्याचं हाय. गिऱ्हाईक डॉक्टरकडं जाऊन पोट दुखतंय एवढंच सांगतंय, कुठं दुखतंय ते दाबून बघायचं काम डॉक्टरचं.

आणि एक. रंग मारलेलं ॲल्युमिनियम हातात घ्यायचं नाय. हेडला रंग मारायचं कायबी कारण नसतंय, ते गाडीच्या आत ऱ्हातंय, कुणाला दिसतंय. तेलकट, मळकट हेड घ्यावं, आपण धुवून घ्यावं. आणि पैशे टेस्ट झाल्यावर.

तुम्हाला पाहिजे तर अजून एक सांगतो. वॅगनआरचंच हेड कशाला हुडकताय? पहिली एस्टिलो, 2006 ला आलेली, तिच्यात हेच एफटेन हुतं, 2009 ला तिलाबी तीन सिलिंडरचं इंजिन घातलं. जुन्या एस्टिलोचं बघा, त्या गाड्या कटिंगला, म्हंजी खोलून पार्ट विकायला, लय येत्यात. तुमचं बेंड झालेलं हेड संगं न्या, शेजारी ठिवा, पाण्याच्या वाटा, सेन्सरच्या जागा, भोकं सगळं जुळवून मगच घ्या.

अजिंक्यताऱ्याखाली, सातारा

आत्ता आरसी काढून बघितली. उत्पादन 01/2010. इंजिन नंबर एफटेन डी. तुम्ही मिरजेत बसून सांगितलं आणि तिथं दुकानात गाडीचा फोटो दाखवून पण कुणाला कळलं नाही. एस्टिलोचं कुणीच सुचवलं नव्हतं.

पाना_बारातेरा, मिरज

सुचणार कसं, स्क्रीनवर वॅगनआर दाबलं की एस्टिलो येत नाय.

कासची_फुलं, सातारा

माझा किस्सा छोटा आहे पण ऐका. मागच्या डाव्या दाराची काच वर जाईना, काच मशीन गेलं. दुकानात गेले, म्हटलं मागचं डावं, क्लीनर साइडचं. पोरगा म्हणतो, "मॅडम लेफ्ट म्हणजे आत बसून लेफ्ट का समोरून बघून लेफ्ट?" आता मला सांगा, हे दुकान गाड्यांचं आहे आणि हा प्रश्न मला विचारतोय. म्हटलं आत बसून. तरी उजवं दिलं. परत गेले तर पुढचं दिलं. तिसऱ्यांदा मी दाराचं पॅनेलच काढून सोबत नेलं, बसमध्ये सगळे बघत होते.

आणि दर वेळी, दर वेळी, पोरगा बोलतोय माझ्या नवऱ्याशी. त्यांना जॅक कुठं ठेवलाय ते पण माहीत नाही. ते बिचारे माझ्याकडं बोट दाखवतायत आणि पोरगा परत त्यांनाच विचारतोय, "सर पॉवर विंडो आहे का हँडलवाली?"

डीडीआयएसवाला, कराड

आमच्याकडं उलटं झालेलं. तुमच्या पोराला काहीच माहीत नव्हतं, आमच्याला अर्धं माहीत होतं आणि ते जास्त वाईट. स्विफ्ट डिझेल, टर्बो शिट्टी मारायला लागला, तेल पण ओढायला लागला. दुकानात गेलो तर पोरगा एकदम कॉन्फिडन्समध्ये, "सर ते फियाटचं इंजिन, 1248 सीसी, स्विफ्टपासून पुंटो, व्हिस्टा, अर्टिगा सगळ्यात एकच, डोळे झाकून कुठलाही लावा." आणि अर्टिगाचा टर्बो हातात दिला. आता इंजिन एकच हे खरंय, पण स्विफ्टला ते 75 हॉर्सपॉवरचं, साध्या टर्बोचं, आणि अर्टिगाला 90 चं, त्याचा टर्बो व्हेरिएबल भूमितीवाला, त्याला वेगळी व्हॅक्यूमची नळी, तिला हुकूम द्यायला गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये तसा प्रोग्राम पाहिजे. आमच्या गाडीत ती नळी जोडायला जागाच नाही. मिस्त्री नळी हातात धरून मला विचारतोय ही कुठं घालू. मी काय सांगणार.

पोराचं चुकलं म्हणू का? त्यानं कुठंतरी व्हिडिओ बघितला असणार. निदान बघितला तरी.

सडेतोड, इस्लामपूर

साडेसहा हजारात हेड पाहिजे, वर काउंटरला इंजिनिअर पण पाहिजे. कंपनीच्या शोरूमला जा की मग. भंगारात जाऊन सर्व्हिसची अपेक्षा म्हणजे वडापावच्या गाड्यावर फिंगरबाऊल मागण्यासारखं आहे.

कासची_फुलं, सातारा

वडापाव मागितला तर वडापाव तरी द्यावा ना. समोसा देऊन 'ऍडजस्ट होतं' म्हणू नये एवढंच म्हणणं आहे.

हळदीचा_भाव, सांगली

ताईंनी विषय संपवला.

कृष्णाकाठचा, सांगली

आमच्याकडं वेगळाच ताप. ऑगस्ट 2019 चा पूर आठवत असेल, आयर्विन पुलाला धोक्याची पातळी 45 फूट आणि पाणी 57 च्या वर गेलेलं, किती गाड्या टपापर्यंत बुडाल्या. इन्शुरन्सवाल्यांनी टोटल लॉस करून लिलावात काढल्या, त्या कटिंगला गेल्या आणि त्यांचा माल अजून फिरतोय. त्यात वाईट काही नाही म्हणा, दरवाजे, काचा, सीटची फ्रेम, रिम, सगळं चांगलं असतं. पण इलेक्ट्रिकल नको.

मी स्विफ्ट पेट्रोलचा ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, घेतला काढीव. पोराला विचारलं पुरातला नाही ना? "नाही सर, फ्रेश माल आहे." फ्रेश! भाजी आहे का ती? घरी येऊन कपलरचं रबर नखानं उचललं तर आत काळी माती. बारीक, गुळगुळीत, नदीकाठची माती कुणाला ओळखायला सांगावी लागत नाही आमच्याकडं. पिना हिरव्या पडलेल्या. ते पण सोडा, समजा चांगला असता तरी चालला नसता, कारण इमोबिलायझर. दुसऱ्या गाडीचा ईसीएम आपल्या चावीतली चिप ओळखत नाही, डॅशवर चावीचा दिवा लुकलुकत राहतो आणि गाडी चालू होत नाही, स्कॅनर लावून जुळवावं लागतं. हे दुकानात विचारलेलं, तर उत्तर "प्लग अँड प्ले आहे सर". प्लग केला. प्ले काय झालं नाही.

मला राग त्या मातीचा नाही. पोरगं खोटं बोललं असंही मला वाटत नाही. त्याला पुराचा माल कसा ओळखायचा हेच कुणी दाखवलं नव्हतं, आणि तेही सांगलीतल्या पोराला!

फुकटचा_वकील, कराड

थोडं कोरडं लिहितो, उपयोगी पडेल. धागाकर्त्याकडं बिल आहे असं दिसतंय. नसतं तरी व्हॉट्सॅपवरची चॅट आणि पेमेंटची नोंद पुरावा म्हणून चालते, डिलीट करू नका. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाका, बरेचदा दुकानदार तिथंच मवाळ होतो. नाही झाला तर जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, दोन वर्षांच्या आत दाखल करावं लागतं, वकील लागतोच असं नाही. (हे मी सांगतोय म्हणजे बघा.) मागवलेला माल सोडून दुसराच दिला ही सेवेतली त्रुटी आहे, तिथं "सिस्टिम एंट्री घेत नाही" हा बचाव कुणी ऐकून घेत नाही.

दुसरं, हेड बदललं तर आरटीओला काही कळवावं लागत नाही, कारण इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. पण उद्या कुणी म्हणालं हेडपेक्षा अख्खं इंजिनच स्वस्तात देतो, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 लक्षात ठेवा, इंजिन बदलायचं तर परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. आणि त्या इंजिनाची आधीची गाडी कुठली, तिची आरसी रद्द झालीय का, हे कागदावर घ्या. चोरीच्या गाडीचं निघालं आणि तुम्हाला कल्पना होती असं दिसलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 317 लागतं. कच्च्या बिलावर इंजिन घेणारे लोक बघितले की मला घाम फुटतो.

अजिंक्यताऱ्याखाली, सातारा

1915 ला टाकतो आजच. धन्यवाद वकीलसाहेब, फी किती झाली?

फुकटचा_वकील, कराड

कंदी पेढे. पाव किलो.

काउंटरवरचा_पोरगा

नवीन आयडी काढलाय, पहिलीच पोस्ट, काय चुकलं तर सांभाळून घ्या. मी तुमच्या त्या दुकानातला नाही पण तसल्याच एका दुकानात दीड वर्ष काउंटरला होतो आता सोडलंय म्हणून लिहायला येतंय. धागा पूर्ण वाचला, हसलो पण आणि वाईट पण वाटलं.

माझा आयटीआय झालाय वायरमनचा. काम मिळालं पार्टच्या दुकानात, 11 हजार पगार, सकाळी 9 ते रात्री 9. पहिल्या दिवशी मालकानं दोन गोष्टी शिकवल्या, स्टिकर स्कॅन कसा करायचा, आणि गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही. बास ट्रेनिंग संपलं. तिसऱ्या दिवशी एक जण आला म्हणला एक्सेल दे, मला वाटलं कॉम्प्युटरमधलं एक्सेल, मी म्हणलं आमच्याकडं फक्त पार्ट मिळतात, अख्खं दुकान हसलं. मला कुणी सांगितलंच नव्हतं की ड्राइव्ह शाफ्टला एक्सेल म्हणतात. मग शिकलो, सेल्फ म्हणजे स्टार्टर, शो म्हणजे पुढची ग्रिल, प्रत्येक मिस्त्रीची भाषा वेगळी आणि स्टिकरवर तिसरंच इंग्रजी नाव.

आता हेडचं कसं होतं ते सांगतो कारण आमच्याकडं पण सेम झालेलं. आमच्या मागच्या अंगणात एक मामा गाड्या खोलायचे. तीस वर्षं तेच काम. गाडी आली की मामा खोलायचे आणि प्रत्येक मालावर खडूनं लिहायचे, त्यांचं त्यांना कळंल असं, 'ज वॅ' म्हणजे जुनी वॅगनआर, 'न वॅ' म्हणजे नवीन, पुरातली असंल तर खाली दोन लाटा काढायचे, एक आडवी रेघ म्हणजे ठोकलेल्या बाजूचं आहे बघून घ्या. हे मला माझं मीच विचारून विचारून कळलं, दुपारी डबा खायला मी मागं जाऊन बसायचो म्हणून. मग मालकाच्या भाच्यानं कॉम्प्युटर आणला. चार पोरं लावून सगळा माल प्रेशरच्या पाण्यानं धुतला, चकाचक केला, वर स्टिकर मारले. खडू गेला. स्टिकरवर काय, 'वॅगनआर 2010 हेड'. मामा लांब उभं राहून बघत होते, कुणी त्यांना विचारलं नाही आणि ते पण बोलले नाहीत, त्यांना वाटलं कॉम्प्युटरला माहीत असंल.

त्यानंतर चुकीचा माल जायला लागला आणि शिव्या कुणी खाल्ल्या तर आम्ही. गिऱ्हाईक फोनवर आईवरनं शिव्या देतं, मालक मागं उभा असतो, आणि आपल्याला खरंच माहीत नसतं की तीन का चार. 'ऍडजस्ट होतं' हे मी पण म्हणलंय. शंभर वेळा म्हणलंय. ते तुम्हाला फसवायला नसतं, फोन ठेवायला असतं.

तुम्हाला हेड पाहिजे असंल तर काउंटरला विचारू नका. कुठल्या पण दुकानात जा, मागच्या बाजूला जा आणि विचारा गाडी खोलतं कोण. त्या माणसाला विचारा.

पाना_बारातेरा, मिरज

पोरा, नंबर पाठव पर्सनलला. गॅरेजला माणूस पाहिजेच हाय मला, आणि वायरिंगवाला तर लगेच.

डीडीआयएसवाला, कराड

दोन लाटा. च्यायला. काय डोकं आहे त्या मामांचं.

कृष्णाकाठचा, सांगली

माझ्या ईसीएमवर पण असतील त्या लाटा. धुतल्या असतील.

सडेतोड, इस्लामपूर

मी वर जे लिहिलं ते मागं घेत नाही, पण आईवरनं शिव्या देणारी गिऱ्हाइकं मी पण बघितलीत. ते बंद झालं पाहिजे.

अजिंक्यताऱ्याखाली, सातारा

अपडेट. आठ दिवसांनी लिहितोय, सॉरी.

काउंटरवरच्या पोराची पोस्ट दोनदा वाचली. खरं सांगू का, त्या फोनवर मी पण बरंच बोललेलो त्या पोराला, ते मी वर लिहिलं नव्हतं. असो.

परवा मी आणि मिस्त्री सांगलीला गेलो, आमचं बेंड झालेलं हेड डिकीत घालून. एका जुन्या ठिकाणी, नाव ह्याचं पण लिहीत नाही नाहीतर जाहिरात म्हणाल. काउंटरवर नमस्कार केला आणि सरळ मागं गेलो. एक आजोबा पत्र्याच्या सावलीत एका गाडीचा डॅशबोर्ड उतरवत बसलेले, तोंडात दोन स्क्रू धरलेले. म्हणलं आजोबा, जुन्या एस्टिलोचं हेड आहे का. स्क्रू हातात घेतले आणि म्हणाले, "वॅगनआरला घालणार ना?" मी काहीच सांगितलं नव्हतं हो! डिकीतलं हेड बघितलं, आमच्या मिस्त्रीसारखी पट्टी न लावता नुसतं डोळ्याच्या रेषेत धरून बघितलं, "बरंच तापवलंय" म्हणाले, आणि मी खाली बघितलं.

मग आत गेले, येताना खांद्यावर हेड. म्हणे ही एस्टिलो मागनं ट्रकनं ठोकलेली, पुढच्या अंगाला ओरखडा नव्हता, मीच खोलली. हेडवर काळं तेल आणि एका कडेला खडूनं 'ज ए'. मी मिस्त्रीकडं बघितलं, मिस्त्री माझ्याकडं. दोन्ही हेडं शेजारी ठेवून वाटा, भोकं, सगळं जुळवलं. 5,200 ठरले, पक्कं बिल, आणि टेस्ट करून परत आणलं तर पैसे परत असं आजोबांनी नुसतं तोंडी सांगितलं, पण बिलावर पण लिहून घेतलं, वकीलसाहेब.

प्रेशर टेस्टला एक बुडबुडा नाही. हलकं फेसिंग, नवीन गॅस्केट, टायमिंग बेल्ट पण बदलून टाकला, होज पाइप वरचा खालचा दोन्ही नवीन. काल यवतेश्वरचा घाट चढवून आणली, एसी लावून. काटा मध्यावर. वर थांबून बॉनेट उघडून उगीच बघत बसलो.

1915 च्या तक्रारीला त्या दुकानाचं उत्तर आलंय, '4,000 ची क्रेडिट नोट देतो'. म्हणजे परत त्यांच्याकडूनच माल घ्यायचा. मी नको म्हणलंय, रोख पाहिजेत. चालू आहे ते.

कासची_फुलं, सातारा

अभिनंदन! आजोबांना काच मशीनचं विचारायचं होतं पण आता चालतंय माझं. टचवूड.

फुकटचा_वकील, कराड

क्रेडिट नोट नको हे बरोबर. आणि पेढे?

काउंटरवरचा_पोरगा

दादा भारी वाटलं वाचून. मी सोमवारपासून मिरजेला जातोय, पानावाल्या काकांच्या गॅरेजला. त्यांनी पहिल्या दिवशी हेड खोलायला लावणार म्हणून सांगितलंय. तुमच्या धाग्यामुळं झालं.

पाना_बारातेरा, मिरज

काका कुणाला म्हणतोस रे.

निळी_वॅगनआर, विटा

नमस्कार, धागा उशिरा बघितला. धागाकर्ते, ते कुंडीखालचं तीन सिलिंडरचं हेड अजून आहे का? आमची 2012 ची आहे, कालच गरम झाली घाटात. चांगलं असेल तर घेतो, किती म्हणताय?

अजिंक्यताऱ्याखाली, सातारा

आहे. पण आधी आरसीवरचा इंजिन नंबर टाका. आणि टेस्ट केलेलं नाही, तुम्ही इथं येऊन तुमच्यासमोर टाकू प्रेशरला, मग पैशाचं बोलू.

मोगऱ्याला कळ्या आल्यात, हिला विचारून सांगतो.